तुम्ही नक्की कुठले? : कोकणातल्या ज्यूंची गोष्ट

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "अं... म्हणजे..." तेवढे काढलेत.)



आज सुरुवात आडनावांपासून. मी पाच आडनावं सांगतो. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, चेऊलकर. डोळ्यासमोर काय आलं? रायगड जिल्ह्याचा नकाशा आला असेल. पेण, रोहा, दिवेआगर, किहीम, चौल. कोकणातली साधी मराठी माणसं.

बरोबर आहे. पण ही पाचही आडनावं ज्यू माणसांची आहेत. जुना 'बूट पॉलिश' सिनेमा आठवतो? १९५४ चा. त्यातला जॉन चाचा, म्हणजे डेव्हिड. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईत वरळीला डॉ. ई. मोझेस रोड आहे, तिथून कितीदा गेला असाल. हे मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. तेही याच समाजातले. समाजाचं नाव बेने इस्रायल, म्हणजे 'इस्रायलची लेकरं'.

या लोकांना वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट विचारली: तुम्ही नक्की कोण? फक्त विचारण्याची पद्धत प्रत्येक वेळी वेगळी होती. आज आपण त्या चार पद्धती बघणार आहोत. मध्ये थोडं माझंही सांगणार आहे, कारण हा विषय मी का घेतला ते त्याशिवाय कळणार नाही.

पहिला प्रश्न : तुम्ही करता काय?

समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना किनाऱ्यावरच पुरलं. नवगावला आजही त्यांचं स्मारक आहे. हे कधी घडलं यावर एकमत नाही. कोणी दोन हजार वर्षांपूर्वी म्हणतं, कोणी बरंच नंतर.

जहाजाबरोबर पोथ्या बुडाल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर गेला, बॅकअप नाही, जे डोक्यात होतं तेवढंच उरलं. डोक्यात काय उरलं? 'शेमा' ही छोटी प्रार्थना. मुलाची सुंता. शनिवारी काम न करणं. आणि कुठले मासे खायचे, कुठले नाही.

मग हे लोक गावागावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. गावाने बघितलं की हे तेली आहेत, पण शनिवारी यांचा घाणा बंद. म्हणून नाव पडलं 'शनिवार तेली'.

मला हे नाव फार आवडतं. गावाने ना वंशावळ मागितली, ना धर्मग्रंथ. तुम्ही काय करता आणि कधी करत नाही, एवढं बघून नाव दिलं. पण याचं फार गोड चित्रही रंगवायला नको. गावाने त्यांना सामावून घेतलं ते एक जात म्हणून. जातीच्या उतरंडीत एक जागा ठरवून दिली, तिथे बसा, मग कोणाची हरकत नाही. आणि ती उतरंड या समाजाच्या आतही शिरली. त्यांच्यातच 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असे भेद झाले. बाहेरच्याशी लग्न झालं की त्या मुलांना काळ्यांत ढकलायचं. म्हणजे आपण ज्या गावात मिसळतो त्या गावाच्या वाईट सवयीही उचलतो.

चांगलं काय उचललं? भाषा. घरात मराठी. सणांची नावं बघा. ज्यूंचं नवं वर्ष म्हणजे यांचा 'नव्याचा सण'. आणखी एक 'खिरीचा सण'. उपासाचा एक दिवस 'बिरड्याचा रोजा', का तर उपास सोडताना वालाचं बिरडं. आता या एका नावात बघा: वाल कोकणातले, रोजा हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा, आणि दिवस जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा. तीन घरांचं सामान एका ताटात.

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, सोबत फळं. नवस फेडायचा, लग्न ठरलं, प्रवासाला निघायचं, की मलिदा करायचा आणि एलियाहू हनाबीला, म्हणजे प्रेषित एलियाला, हाक मारायची. पोह्यांवर ज्यू प्रेषिताचं नाव. कोकणाबाहेर हे कुठे सुचलं असतं?

दुसरा प्रश्न : तुम्ही खाता काय?

पुढची गोष्ट डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू प्रवाशाची. तोही नक्की कुठल्या शतकातला यावर वाद आहे. समाजाची आठवण अशी: राहाबीने या लोकांच्या चालीरीती बघितल्या आणि त्याला शंका आली की हे आपलेच असावेत. खात्री कशी करायची? त्याने बायकांना मासे शिजवायला दिले, सगळे एकत्र. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे ठेवले, बाकीचे बाजूला काढले. ज्यू धर्मात नेमका हाच नियम आहे. परीक्षा पास.

लक्षात घ्या, परीक्षा स्वयंपाकघरात झाली. पोथी बायकांच्या हातात होती. मग राहाबीने काही जणांना शिकवलं आणि धर्माचं काम सांगितलं. त्यांना लोक 'काजी' म्हणू लागले.

१८ व्या शतकात हे लोक मुंबईला यायला लागले. कंपनी सरकारच्या फौजेत भरती झाले. त्यातले एक समाजी हसाजी दिवेकर. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत ते कैद झाले. सांगतात की सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस त्यांनी कैदेत केला होता. सुटले, आणि १७९६ साली मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं, शाआर हारहामीम. तिथल्या रस्त्याला आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. बेने इस्रायली लोक स्वतः सिनेगॉगला 'मशीद'च म्हणायचे. बरेच जण सांगतात की मस्जिद बंदर स्टेशनच्या नावातली मशीद हीच. पुढच्या वेळी हार्बर लाइनला अनाउन्समेंट ऐकाल तेव्हा आठवा.

पुढे शिक्षण आलं. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. झालं उलटंच. हे लोक ते शिकून आपल्याच धर्माकडे जास्त वळले. १८७४ साली पुण्यात सचित्र हगादा छापली गेली, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. तिच्यातल्या चित्रात भाकऱ्या करणाऱ्या बायका आपल्याकडच्या पोशाखात आहेत. पुढे मराठी कीर्तनंही सुरू झाली: बुवा उभे, पेटी वाजतेय, आणि आख्यान मोशेचं!

तिसरा प्रश्न : तुमचा रंग कोणता?

आता गोष्ट जरा कडू होते.

१९ व्या शतकात बगदाद आणि आसपासहून श्रीमंत ज्यू व्यापारी मुंबईत आले. पुण्यातलं कॅम्पातलं लाल देऊळ माहितेय ना? ते बांधणारे डेव्हिड ससून याच बगदादी समाजातले. सुरुवातीला हे पाहुणे बेने इस्रायलींच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला यायचे, त्यांच्याच दफनभूमीत पुरले जायचे.

मग १८३६ साली काही बगदादींनी सरकारकडे अर्ज केला: आमच्या आणि यांच्या कबरींच्या मध्ये भिंत घाला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. मेलेल्या माणसांच्या मध्ये भिंत. कारण काय? हे मराठी बोलतात, सावळे आहेत, साडी नेसतात, यांचं रक्त शुद्ध असेल याची खात्री काय? इंग्रजांच्या राज्यात गोऱ्यांच्या जवळ दिसणं फायद्याचं होतं, आणि सावळा भाऊबंद शेजारी उभा असला की तो फायदा कमी व्हायचा. द्वेषापेक्षा मला यात हिशोब जास्त दिसतो. जो स्वतः नवीन असतो आणि ज्याला वरच्या मजल्यावर जायचं असतं, तो बऱ्याचदा पहिली भिंत आपल्याच माणसासमोर घालतो.

यावर बेने इस्रायलींनी काय केलं? शाळा काढली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा सुरू केली. त्याच किहीमकरांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. १८९७ साली लिहून झाला, छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून! पण जगापुढे 'आम्ही कोण' हे त्यांनी स्वतः लिहिलं, दुसऱ्याने ठरवायची वाट बघितली नाही. पुढच्या पिढीत डॉ. जेरुशा झिराडसारख्या स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या, त्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. झिराड हे अलिबागजवळचं गाव. आडनावात 'कर' नाही, पण गाव आहेच.

इथे थोडं माझं

मी बेळगावचा. आता तुमच्यातले निम्मे म्हणतील "अच्छा, मग तू कानडी." आणि बंगळुरात माझे पहिले सहकारी म्हणायचे, "अच्छा, मग तू महाराष्ट्राचा." १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तो वाद मी आज काढत नाही. मी फक्त त्याच्यात राहणाऱ्या एका घराचं सांगतोय.

पुण्यात नोकरीला आलो. एका मीटिंगआधी फोनवर आईशी बोलत होतो. "काय करालास? जेवलास काय?" "आत्ता जावालोय जेवायला." शेजारचा हसून म्हणाला, "हे कुठलं मराठी रे?" वाईट हेतू नव्हता त्याचा. पण त्यानंतर माझी दोन मराठी झाली. एक ऑफिसची, 'करतोय' वाली. एक फोनवरची, 'करालोय' वाली. फोन आला की मी पॅसेजमध्ये जातो.

एवढं तर सगळ्यांचंच होतं. विदर्भातल्या मित्राचं होतं, मालवणच्या मैत्रिणीचं होतं. खरी गोष्ट मागच्या वर्षीची. घरी माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. बायोडेटा बनवायचा होता. माझी अज्जी, म्हणजे वडिलांची आई, कन्नड बोलणारी. माहेर धारवाडकडचं. तिच्या मांडीवर मी दोन्ही भाषा शिकलो. मी बायोडेटात लिहिलं, 'घरी मराठी आणि कन्नड'. बाबा म्हणाले, "अज्जीचं कशाला घालालास त्यात? उगीच लोक विचारत बसतील."

बाबांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांनी आयुष्यभर "नक्की कुठले?" याचं उत्तर दिलंय, त्यांना माहितेय ते किती थकवतं. पण अज्जी आतल्या खोलीत बसलेली होती. तिला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

त्याच आठवड्यात मी या एपिसोडसाठी वाचत होतो आणि चौथा प्रश्न समोर आला.

चौथा प्रश्न : तुमची आजी कोण होती?

१९४८ साली इस्रायल देश झाला. भारतात तेव्हा साधारण वीस हजार बेने इस्रायली होते. इथे त्यांना कोणी हाकलत नव्हतं, हे महत्त्वाचं आहे. तरी हजारोंनी लोक गेले. कोणी धर्मासाठी, कोणी नातेवाईक गेले म्हणून, कोणी चांगल्या नोकरीच्या आशेने. पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत ज्या गावाचं नाव घेतलं, त्या गावी निघाले.

तिथे काय झालं? बऱ्याच जणांना वाळवंटातल्या नव्या वस्त्यांत पाठवलं. मुंबईत कारकुनी केलेल्या माणसाच्या हातात फावडं आलं. भेदभावाच्या तक्रारी सुरू झाल्या. १९५१ मध्ये बेरशेबातल्या काही कुटुंबांनी धरणं धरलं. मागणी काय? आम्हाला भारतात परत पाठवा. १९५२ मध्ये सुमारे दीडशे माणसं खरोखर परत आली. आणि गंमत म्हणा की दुःख म्हणा, त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे परत इस्रायललाच जावंसं वाटलं. मुंबईला आल्यावर कळलं की आता तिकडचीही ओढ लागलीय.

पण मोठा घाव लग्नाच्या नोंदणीचा. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं धर्मपीठाकडे, म्हणजे रब्बींकडे नोंदवावी लागतात. काही रब्बी बेने इस्रायलींची लग्नं लावायला नकार देऊ लागले. त्यांचं म्हणणं, हे लोक शतकानुशतकं एकटे होते, यांना घटस्फोटाचे आपले नियम माहीत नव्हते, मधल्या काळात कोणाशी कशी लग्नं झाली कोणी सांगावं? १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने तत्त्वतः लग्नांना मान्यता दिली. पण १९६२ मध्ये सूचना काढली: बेने इस्रायली वधू किंवा वर आला, तर त्याची आई, आजी, जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासा.

विचार करा. तुमच्याकडे देशाचं ओळखपत्र आहे, तुम्ही त्यांच्या सैन्यात आहात, आणि लग्नाच्या खिडकीवर तुम्हाला पणजीची केवायसी मागतात. तीही फक्त तुमच्याच समाजाला.

१९६४ च्या उन्हाळ्यात हा समाज उठला. ठिकठिकाणच्या वस्त्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं जेरुसलेमला आली. धरणं, उपोषण, कित्येक आठवडे. बायका, मुलं, म्हातारी माणसं. ज्यांना तोपर्यंत तिकडे शांत, मवाळ म्हणून ओळखायचे, तीच माणसं. शेवटी १७ ऑगस्ट १९६४ ला त्यांच्या संसदेत पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं की बेने इस्रायली हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत काही फरक नाही. महिनाअखेरीस धर्मपीठाने सूचना बदलली. 'बेने इस्रायल' हे नाव काढलं. त्या जागी आलं, ज्या कोणाबद्दल शंका असेल त्याची चौकशी करा. म्हणजे विजय झाला, पण दार पूर्ण उघडलं असं नाही. समाजाचं नाव तरी यादीतून गेलं.

मला यातलं काय भावलं ते सांगतो. आंदोलन करताना ते असं म्हणाले नाहीत की आम्ही आता मराठी सोडतो, साडी सोडतो, मलिदा सोडतो, मग तरी घ्या. जसे आहोत तसे ज्यू आहोत, एवढीच मागणी. आज इस्रायलमध्ये त्यांची संख्या हजारोंत आहे, भारतात पाच हजारांहूनही कमी. तिकडे मलिदा होतो. लग्नाआधी मेंदी होते. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघालं.

आणि रक्ताचं काय? त्याचंही उत्तर आलं. २०१६ साली एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष: बेने इस्रायलींमध्ये मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वंश आहे आणि स्थानिक भारतीय वंशही आहे. म्हणजे बाहेरून आल्याची समाजाची आठवण खरी, आणि इथल्या मातीत मिसळल्याचंही खरं. याच २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

पण मला वाटतं, हा अहवाल उलटा आला असता तरी त्या नवगावच्या कबरी, ती माशांची निवड, ते बंद पडलेले शनिवारचे घाणे खोटे ठरले नसते. चारही प्रश्नांमध्ये मला पहिला सगळ्यात माणुसकीचा वाटतो: तुम्ही काय करता? कारण त्याचं उत्तर तुमच्या हातात असतं. रंग आणि आजी हातात नसतात. आजी बदलता येत नाही. आणि बदलावी का?

मी बायोडेटात कन्नड ठेवली. बाबा काही बोलले नाहीत. एका ठिकाणाहून विचारणा झाली, "घरी नक्की कुठली भाषा?" आम्ही सांगितलं, दोन्ही. ते पुढे काही कळवलं नाही. दुसऱ्या एका घरी हाच प्रश्न आला आणि त्या मुलीच्या आईने लगेच आमच्या अज्जीशी कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली, कारण त्या सोलापूरच्या. पुढचं अजून ठरायचंय, त्यामुळे इथेच थांबतो. माझी गोष्ट बेने इस्रायलींच्या गोष्टीपुढे फार छोटी आहे, हे मला माहितेय. मला कोणी लग्नाच्या खिडकीवरून परत पाठवलेलं नाही. पण कुठला शब्द कागदावरून खोडायचा आणि कुठला ठेवायचा, हा निर्णय छोटा असला तरी त्याच जातीचा आहे.

आता तुमच्यासाठी काम. अलिबागला बीचवर जाताच. पुढच्या वेळी गावातली इस्राएल आळी शोधा, तिथलं सिनेगॉग बाहेरून बघा, आत जायचं असेल तर आधी विचारून जा. जवळच नवगाव आहे, तिथलं स्मारक बघा. आणि घरी गेलात की एक प्रश्न विचारा: आपल्या घरात कुठला शब्द, कुठला पदार्थ, कुठला सण दुसऱ्या कोणाकडून आलाय? प्रत्येक घरात एक तरी सापडतो. सापडला की व्हॉइस नोट पाठवा. तुमच्या घरच्या मराठीत. पुण्याच्या नव्हे, तुमच्या. पुढचा एपिसोड आपण त्या व्हॉइस नोट्सवरच करू.

भेटू. काळजी घ्या.